गोळी न दिलेले चार दिवस

सोनाली अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायची. नवरा बिरुदेव तिथल्याच एका कारखान्यात मागावर. त्यांची मुलगी अपेक्षा सातवा महिना लागता लागताच जन्मली, नऊशे ग्रॅमची. दोन महिने दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. पहिल्या तपासणीत थायरॉइड ठीक निघालं. महिन्यानं पुन्हा रक्त घेतलं तेव्हा कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज सकाळी गोळी द्यायची, चुकवायची नाही. मेंदूच्या वाढीला लागते."

सोनाली चमच्यात गोळी चुरून अंगावरच्या दुधात कालवायची. ते पोटात गेल्यावरच स्वतः चहा घ्यायची. वर्ष झालं तरी पोर मान धरेना. सासू बजाबाई म्हणाली, "औषिदानंच सुस्त पडलीया. बंद कर." सोनालीनं ऐकलं नाही.

एकदाच, आई वारल्याचा निरोप आला आणि ती पोरीला घेऊन माहेरी सांगोल्याकडं धावली. गोळ्या घरीच राहिल्या. चार दिवस. तिनं ते कुणालाच सांगितलं नाही.

अपेक्षा तीन वर्षांची झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी महिनाभर गोळी थांबवून रक्त तपासलं. "आता तिचं थायरॉइड आपलं आपण चालतंय. गोळी बंद."

"पन ती चालत न्हाय, बोलत न्हाय. बंद केल्यावर कशी बोलंल?"

"गोळीनं तिचं काम केलं. पण इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत कधी कधी रक्तस्राव होतो, तसा हिला झाला होता. त्यावर ही गोळी नाही."

तेव्हा सोनालीनं ते चार दिवस सांगून टाकले.

"चार दिवसांनी असं होत नाही, बाई."

बाहेर बाकावर बसून तिनं बिरुदेवला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "ही पोटात व्हती तवा मी तुला गाडीवरनं जत्रंला नेलं. तसला रस्ता. दुसऱ्या दिशी कळा आल्या. मला वाटायचं, माज्यामुळंच झालं हे तुला ठावं हाय आन् तू गप ऱ्हातीस."

तिच्या हे कधी मनातही आलं नव्हतं.

"आत जाऊन इचारू का?"

"नगं," तो म्हणाला. "व्हय म्हनल्या तर?"

अपेक्षा आता पाच वर्षांची आहे. आठवड्यातून दोनदा व्यायामाला नेतात. भिंत धरून उभी राहते, वडील दिसले की हसते. शब्द अजून एकही नाही.