वासूभाऊंचा फ्रेश माल

वासूभाऊ कोणतीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून पाहत. चप्पल, वांगं, गणपती, काहीही. चहा दिला की तो घाईघाईने संपवत, कारण कपाचे बूड पाहायचे असे. माझ्या धाकट्याच्या बारशाला आले तेव्हा त्यांनी पाळण्यातून पोर उचलले, पालथे केले, तळपाय पाहिले आणि म्हणाले, "वयनी, पोट्टं चांगलं हाय, पण डावा कान जरासा बाहेर गेला."

"मग बदलून देते काय तुमची मिल?" मी विचारले.

"पावती हाय का?" ते म्हणाले. हसले नाहीत. तो विनोद होता की चौकशी, हे मला अजून कळलेले नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचे घर. आजूबाजूला हातमागवाल्यांची वस्ती. वासूभाऊंच्या बापाचाही माग होता, पण हे कापडाच्या मिलमध्ये लागले. तिथे घडीखात्यात त्यांचे काम म्हणजे दिवसभर चुका शोधणे. उजेडासमोरून कापड सरकत जाई. धागा तुटलेला, डाग पडलेला, किनार वाकडी गेलेली दिसली की हे खडूने फुली मारत. मग मालाच्या दोन थप्प्या लागत. बिनफुलीचा माल फ्रेश, तो बाजारात जाई. फुलीचा माल सेकंड, तो कामगार घरी नेत. त्यामुळे त्यांच्या घरात सगळेच सेकंड होते. पडद्यावरची फुले अर्ध्या पडद्यातच संपत. चादरीचा एक कोपरा नेहमी दुसऱ्यापेक्षा लहान. "फ्रेश माल बाजाराले, सेकंड माल घरच्यांले," असे ते मोठ्या अभिमानाने सांगत, जणू त्यांनीच हा कायदा केला.

त्यांची बायको कमलबाई चुलीपुढून विचारी, "अन् नवरा कोन्त्या थप्पीतला?"

वासूभाऊ तेवढ्यात पडद्याची किनार तपासू लागत.

बरे, मिलची पाळी सुटली की माणसाने खडू खाली ठेवावा. यांचा खिशातच असायचा. लग्नात जेवायला गेले की यजमानाला बोलावून सांगत, "बुंदी चांगली हाय, पण दाणा एकसारखा नाही." भिवापूरहून त्यांच्या मावशी मिरच्या घेऊन येत. सगळ्या मोहल्ल्याच्या डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या त्या मिरच्या. हे एक मिरची उजेडात धरत आणि म्हणत, "तिखट हाय, पण रंग जरा कमीजास्त आला." मावशी म्हणत, "मंग तू खाऊ नको गा." पण ते खात. "चांगलं हाय, पण" इतके म्हटल्याशिवाय त्या माणसाच्या गळ्याखाली घास उतरत नसे. पूर्ण चांगली वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. निदान मला तसे वाटत होते.

मग कमलबाईंचा भाऊ कुवेतहून आला.

त्याने भाचीसाठी, मीनासाठी, बाहुल्यांचा डबा आणला. मीना तेव्हा सात वर्षांची असेल. डब्याला समोरून पारदर्शक कागद, आणि आत सहा परदेशी वीर रांगेत उभे. मी चौथी शिकलेली बाई, डब्यावरचे इंग्रजी मला वाचता येत नव्हते, पण डोळे होते. सगळ्यांनी पँटीवरून चड्डी घातली होती. पाठीवर टॉवेल वाळत घालावा तसे फडके. एकाचे तोंड निळे, एकाच्या डोक्याला शिंगे. एक बाई होती, तिने गुडघ्यापर्यंत बूट घातले होते आणि कमरेपासून वर थंडी वाजेल इतकेच कपडे. सगळ्यांत मोठा होता त्याची छाती कोठीच्या दारासारखी आणि हातात सोटा. आणि एकालाही मिशी नाही. मिशीवाचून वीर ही गोष्ट मला पटली नाही, आजही पटत नाही.

वासूभाऊंनी मात्र डबा हातात घेतला, उलटा केला, सहाही वीर डोक्यावर उभे राहिले. बराच वेळ पाहिले. आम्ही "पण"ची वाट पाहत होतो.

"दहापैकी दहा," वासूभाऊ म्हणाले.

कमलबाईंच्या हातातली पळी थांबली.

"रंग पाहा, रेघेच्या बाहेर गेला नाही. फडक्याची किनार पाहा. शिवन पाहा. कुठं धागा नाही, डाग नाही. याले म्हन्ते फ्रेश माल."

"बाबा, खेळू?" मीनाने विचारले.

"येडी झाली का वं? डबा फुटला की माल सेकंड."

डबा शोकेसमध्ये गेला. शोकेसला कुलूप, किल्ली वासूभाऊंच्या जानव्याला नव्हती एवढेच. बाकी सगळीकडे ती त्यांच्याबरोबर फिरे. त्या घरात आलेली ती पहिली फ्रेश वस्तू, आणि ती पोरीच्या नावाने आली होती, हे दोन्ही खरे. पण त्यातले एकच त्यांना दिसत होते.

पुढे कोणीही घरी आले की वासूभाऊ डबा काढत आणि फूटपट्टीने एकेक वीर समजावून सांगत. पोस्टमनलाही सांगितले. त्याला उन्हातान्हात अजून घरे करायची होती. पाहुणा कंटाळून म्हणे, "चांगलं हाय." वासूभाऊ म्हणत, "चांगलं नाही, दहापैकी दहा म्हना." मीना तेवढा वेळ मांडी घालून समोर बसे. डबा बाहेर असतो तेवढाच तिला जवळून दिसे. तिने सगळ्यांना नावे ठेवली होती. सोटेवाल्याचे नाव होते मोठे दादा. शोकेसच्या काचेवर तिच्या नाकाचा डाग कायम असे, आणि वासूभाऊ तो रोज धोतराने पुसत. डाग दिसला की पुसायचा, एवढेच त्यांना माहीत. तो कशाचा आहे, हे पाहणे त्यांच्या खात्याचे काम नव्हते.

मी एकदा म्हटले, "वासूभाऊ, डबाच पाहाचा असता तर तुमच्या साळ्यानं रिकामा डबाच नसता आनला?"

"तुमाले मालातलं कळत नाही वयनी."

"मले पोरीतलं कळते."

यावर ते माझ्या हातातली वाटी उलटी करून पाहू लागले. वाटीत ताक होते.

अशी दोन वर्षे गेली. दर वाढदिवसाला पोर विचारी, "बाबा, यंदा?" आणि ते म्हणत, "मोठी झाल्यावर." मोठी झाल्यावर बाहुल्यांशी कोण खेळते, हे त्या हुशार माणसाला कोणी सांगावे?

त्यांच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसत. आमच्याकडे महालक्ष्म्यांपुढे आरास करताना घरातले असेल नसेल ते मांडतात. फळे, फराळ, चिनी मातीची बदके, लाकडी बैल. त्या वर्षी वासूभाऊंनी स्वतः डबा काढला आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर ठेवला. बंदच. वर दिव्यांची माळ सोडली. "हात कोनी लावाचा नाही," असे महालक्ष्म्यांसकट सगळ्यांना बजावले आणि जेवणाच्या दिवशी सकाळी पत्रावळी आणायला गेले.

कमलबाई आत सोळा भाज्यांच्या ढिगात. मी बाहेर समया पुसत होते. भिवापूरच्या मावशी पहिल्या गाडीने आल्या, पाय धुतले आणि हळदीकुंकू वाहायला बसल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला. त्यांनी वरच्या पायरीकडे निरखून पाहिले.

"काहून वं मीने, देवाले डब्यात काहून कोंडलं?"

मीनाने माझ्याकडे पाहिले. मी समई पुसत राहिले.

"हा निळ्या तोंडाचा किसनदेव," मावशी म्हणाल्या. "हे बाई देवी दिसते. अन् हा गदावाला तर मारोतीच हाय. काशीचं काम दिसते. उघड वं पोरी, कातर आन."

दोन वर्षे वाट पाहिलेल्या पोरीला कातर आणायला सांगायची नसते. ती कातर घेऊन इतक्या लवकर आली की ती आधीच हातात असावी, असा माझा संशय आहे.

मावशींनी सहाही जण पायरीवर मांडले. सगळ्यांना हळद लावली, कुंकू लावले, अक्षता टाकल्या. कापसाची वस्त्रे करून एकेकाच्या गळ्यात घातली. त्या उघड्या बाईला त्यांनी दोन वस्त्रे घातली, ते मला बरे वाटले. मारोतीराव मात्र उभे राहीनात. ठेवले की डावीकडे पडत. डब्यात त्यांना तारेने आवळले होते, म्हणून दोन वर्षे छाती काढून उभे होते. मावशींनी शेवटी त्यांना केळीच्या फणीला टेकवले.

मग बायका येऊ लागल्या. पहिलीने मावशींचे पाहून कुंकू लावले, दुसरीने पहिलीचे पाहून. असेच चालते. कोणत्या देवाला लावतो हे विचारत बसले तर सबंध नागपुरातले कुंकू डबीतच राहील. मीही लावले.

वासूभाऊ पत्रावळींचा भारा घेऊन दारात आले तेव्हा सहा वीर हळदीने पिवळे झाले होते आणि पाच बायका त्यांच्या पाया पडत होत्या.

महालक्ष्म्यांच्या घरी त्या दिवशी आवाज चढवायचा नाही, ही रीत. वासूभाऊंचे तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. भारा खाली ठेवला. बायकांच्या मधून वाट काढत पुढे गेले. मीना भिंतीला चिकटून उभी. आता मार बसतो की बाहुल्या पुन्हा कुलपात जातात, एवढेच तिच्या तोंडावर लिहिलेले होते. वासूभाऊंनी केळ्यांना टेकलेला मोठा वीर उचलला आणि, दुसरे काय करणार, उलटा केला.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्याचे तळपाय दिसले.

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वयनी, याचा डावा पाय आखूड हाय."

"मंग दहापैकी किती?" मी विचारले. मला राहवले नाही.

त्या दिवशी ते जेवायला वाढत फिरले, पण कोणत्याच भाजीबद्दल बोलले नाहीत. पंगत काळजीत पडली.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. निर्माल्याची टोपली भरली तेव्हा मावशी म्हणाल्या, "हे सहा जनंही द्या. पूजलेले देव हायेत. तळ्यात सोडा लागते."

मीनाने सहाही जण परकराच्या ओच्यात घेतले आणि दारात बसली. रडली नाही. फक्त ओचा दोन्ही मुठींनी धरून ठेवला. कमलबाई म्हणाल्या, "सोड वं पोरी." ती सोडेना. मावशी म्हणाल्या, "पाप लागते." ती सोडेना. मग सगळ्यांनी वासूभाऊंकडे पाहिले.

वासूभाऊंनी रिकामा डबा घेतला. खिशातून खडू काढला आणि त्यावर मोठी फुली मारली.

"मावशी, माल सेकंड हाय. मी पास केला होता, माही चुकी. पाय न पाहता पास केला."

"पन पूजला ना गा."

"पूजलेला नारळ आपन तळ्यात टाकतो का खातो?"

सकाळीच मावशींनी दोन वाट्या खोबरे खाल्ले होते.

"सेकंड माल घरच्यांले," वासूभाऊ म्हणाले आणि टोपली उचलून एकटेच निघून गेले.

पुढे त्या वीरांचे व्हायचे ते झाले. शिंगवाल्याचे एक शिंग पोळ्याच्या बैलाशी लढताना गेले. निळ्या तोंडाच्याला मीनाने आमच्या विहिरीत पोहायला सोडले, तो अजून पोहत असेल. मोठे दादा सारखे पडत. एका संध्याकाळी मी मीठ मागायला गेले, तर वासूभाऊ ओसरीवर बसून तुटक्या चपलेच्या रबराचा तुकडा कापत होते. तो त्यांनी वीराच्या डाव्या पायाला चिकटवला, जमिनीवर ठेवून पाहिला, काढला, घासला, पुन्हा चिकटवला. मला पाहून म्हणाले, "पोट्टी कटकट करते म्हनून." मीना शाळेच्या सहलीला रामटेकला गेली होती. घरात कटकट करायला कोणीच नव्हते.

नंतर मिल बंद पडली. ते नागपुरातच नंदनवन वस्तीत राहायला गेले. मिल नव्हती तरी तपासणी चालूच होती, असे कानावर येई. नव्या शेजाऱ्यांनी त्यांना चहा स्टीलच्या पेल्यात द्यायला सुरुवात केली म्हणे, फुटू नये म्हणून.

थंडीच्या दिवसांत त्यांना लकवा मारला, तेव्हा मी पाहायला गेले. खाटेवर बसले होते. डावा हात मांडीवर ठेवलेला, तो कोणी दुसऱ्याचा असावा तसा. मीना आता कॉलेजात जाणारी. तिने त्यांचा डावा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि खोलीतल्या खोलीत चालवून आणले. ते तिच्या अंगावर कलत, ती त्यांना सरळ करी. शोकेसला कुलूप नव्हते. आत मोठे दादा रबराच्या पायावर उभे होते.

परत बसल्यावर वासूभाऊंनी माझ्याकडे पाहिले. जीभ जड झाली होती. "वयनी, डावा पाय गेला. फुली मारा."

"मारली," मी म्हटले. "आता राहा घरच्यांजवळ."

कमलबाई दारातून म्हणाल्या, "इतकी वर्षं इचारून राहिली होती मी, कोन्त्या थप्पीतला म्हनून. आज सांगतलं." आणि पदराने त्यांच्या ओठावरची लाळ पुसली.

ते त्याच थंडीत गेले.

तेरवीला मी गेले. मीनाने पानात वाढले. पुरण होते, भजी होती, वांग्याची भाजी होती. लोक खाली मान घालून जेवत होते आणि गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात तसे म्हणत होते. फार चांगला माणूस, सोन्यासारखा माणूस. मी भाजीचा घास घेतला. थांबले. आजूबाजूला पाहिले. त्या एवढ्या पंगतीत कोणी काही म्हणेना.

मी मीनाला बोलावले आणि सांगितले, "भाजी चांगली हाय वं, पण मीठ कमी हाय."

तिने भाजीचे भांडे खाली ठेवले, आणि बाप गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती पोरगी भर पंगतीत माझ्यासमोर बसून रडली. मग उठली आणि मीठ आणले.