दाजींची तोंडी परीक्षा

सुरुवात करण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुष्काळात गावची विहीर तळ दाखवत होती, तेव्हा त्यांनी पुस्तक वाचून पोहणं शिकायला घेतलं. आठवडाभर घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, पालथे पडून हातपाय मारले आणि आठव्या दिवशी जाहीर केलं, की पोहणं आलं, आता फक्त पाण्याचा प्रश्न आहे.

लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि टँकरच्या फेऱ्यांचं काम बघणाऱ्या एका कचेरीत दाजी रोजंदारीवर लागले. कायम व्हायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा देणं भाग होतं. मी तेव्हा उदगीरला बी.ए. करत होतो, म्हणून शिकवणी माझ्या गळ्यात पडली. महिनाभरात दाजींनी पाठ केली ती फक्त स्वतःची ओळख. ती ते म्हशीला ऐकवत, एसटीच्या कंडक्टरला ऐकवत, आणि कंडक्टर गोंधळला की खूश होत. मी पुढचा धडा काढला की म्हणत, "सुरुवातीलाच साहेब गार झाला, तर पुढचं इचारतंय कोण?"

परीक्षेच्या दिवशी ते नवरदेवाच्या थाटात आत गेले. मी दाराबाहेर बाकावर. ओळख इतकी खणखणीत झाली, की बाहेरचा शिपाई सावरून बसला. मग साहेबांनी इंग्रजीत विचारलं, की तुमच्या गावात पाण्याचं कसं काय चाललंय?

हे पाठांतरात नव्हतं. मी मान खाली घातली. मग दाजी एकेक शब्द चाचपत, अगदी हळू बोलायला लागले.

"सर, मॉर्निंग टँकर कम. फर्स्ट ओल्ड वुमन. माय वाइफ लास्ट. बिकॉज हजबंड टँकर ऑफिस, पीपल सी. मेनी डे टँकर फिनिश. शी कम होम, एम्प्टी पॉट. शी लाफ."

साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. दाजी पास झाले, यथावकाश कायमही झाले. पण ते नंतरचं. त्या दिवशी परतीच्या एसटीत कंडक्टर समोर आला, तरी दाजींनी ओळख ऐकवली नाही, नुसतं तिकीट घेतलं. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, "मराठीत कधी ध्यानातच आलं न्हाई. तिला लई लागत असंल का रं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांच्या रांगेत सगळ्यात शेवटी दाजी उभे होते. बायका पदराआड हसत होत्या. टँकर त्यांच्यापर्यंत पुरला नाही. बहीण दारातच थांबली होती. दाजींनी रिकामी घागर उंबऱ्यापाशी ठेवली आणि तिच्याकडे बघून हसायला गेले. त्यांना ते तिच्यासारखं जमलं नाही.