उंदराचं औषध आणि मोठ्या जाऊबाई

आमच्याकडे, भाईंदरजवळच्या डोंगरीला, भातात उंदराचं औषध टाकायचं म्हणजे एका घराचं काम नाही. बिळं असतात नेमकी बांधात. बांधाच्या एकाच अंगाने औषध टाकलं तर उंदीर निवांत दुसऱ्या अंगाला राहायला जातात आणि जेवायला परत आपल्याकडेच येतात. म्हणून दोन्हीकडून एकाच दिवशी टाकायचं, ही सासऱ्यांच्या वेळची पद्धत. आदल्या संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने लिंपायची. सकाळी जी उकरलेली दिसतील त्यांतच उंदीर आहेत असं समजायचं, औषध तेवढ्यांतच खोल सारायचं आणि तोंड परत बुजवायचं.

बांधापलीकडची शेती मोठ्या जाऊबाईंची, आणि त्यांच्याशी माझं बोलणं बंद. म्हणजे तेव्हा बंद होतं. कारण हाच बांध. थोरले दीर असताना तो हातभर आमच्यात सरकला असं माझं म्हणणं, आणि पावसात ढासळला म्हणून नीट बांधून काढला असं त्यांचं. दीर गेले, तरी भांडण काही गेलं नाही. मी ऐकून घेणाऱ्यातली नाही आणि जाऊबाई तर माझ्या वरताण.

पण आमचं बोलणं बंद आहे हे उंदरांना कोण सांगणार? म्हणून जाऊबाई काठीला लाल चिंधी बांधून बांधावर रोवायच्या. चिंधी दिसली की मी समजायचं, उद्या औषध. मग माझ्या बाजूलाही एक चिंधी रोवायची, कुत्र्याला साखळी घालायची, शेजारणीला कोंबड्या कोंडून ठेवायला सांगायचं. मेलेले उंदीर जिचे तिने उचलून खोल पुरायचे, कावळ्या-मांजरांच्या तोंडी लागू द्यायचे नाहीत. एक शब्द न बोलता कित्येक वर्षं आम्ही हे करत होतो. भांडणाच्या जागी भांडण, शेताच्या जागी शेत.

आजूबाजूच्यांनी हळूहळू भात लावणं सोडलं. कुणी कंपाउंड घातलं, कुणाच्या शेतात नुसतं गवत माजलं. राहिले आमचे दोन तुकडे. मग काय, सगळ्या गावचे उंदीर आमच्याच पंगतीला. त्या वर्षी दाणा भरायच्या वेळी त्यांनी इतका उच्छाद मांडला की सकाळी शेतात पाऊल टाकायला नको वाटायचं, सगळीकडे कातरलेल्या काड्या. आणि औषधाच्या वड्यांना तर तोंड लावत नव्हते.

आमचे हे शाळेची बस चालवतात. डोकं रिकामं असलं की त्यात कल्पना येतात. यांना वाटलं, समुद्राकाठचा उंदीर आहे, मासळीशिवाय कसा जेवेल? पालीहून आणलेला सुका जवळा भाजला, कुटला आणि त्यात औषधाची वडी चुरून कालवली. हातमोजे घातले होते, काठीने कालवलं, घरातलं भांडं घेतलं नाही, हे मला मान्य. एवढं सगळं बरोबर करून त्यात जवळा घातला. वर बसची वेळ झाली म्हणून ते कालवण बिळाच्या तोंडाशीच ठेवून निघून गेले. लिंपण नाही, चिंधी नाही, मला एका शब्दाने सांगणं नाही.

मी ओटीवर वाल सोलत बसले होते. कुत्रा कुठे आहे हे बघायचं काही कारणच नव्हतं. मुलगी लग्न होऊन वसईला गेल्यापासून दिवसभर माझी बडबड ऐकून घेणारं घरात तो कुत्रा हेच एक माणूस होतं. आणि बघते तर काय, जाऊबाई त्याला दोन्ही हातांत उचलून धापा टाकत अंगणात उभ्या.

"बांधातल्या बिळातलं खाल्लंय त्यानं," त्या म्हणाल्या. "औषध कंचं होतं? रॅपर कुठं हाय?"

इतक्या वर्षांनी त्या माझ्याशी बोलल्या ते हे. कुत्रा मात्र मजेत जिभल्या चाटत होता. मी यांना फोन लावला. नशिबाने बस उभी होती. "रॅपर ना, उकिरड्यात टाकला," हे म्हणाले. जवळ्याचंही तेव्हाच कळलं. मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोन ठेवेपर्यंत जाऊबाई कुत्र्याला माझ्या हवाली करून उकिरड्याशी पोचल्या होत्या. कालच्या मांदेल्यांची खवलं, भाजीची देठं, राख, सगळ्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तो कागद शोधून काढला. कुठलं औषध पोटात गेलंय हे कळल्याशिवाय डॉक्टर काय करणार, हे त्यांना सुचलं, मला नाही. आता आमच्याकडे औषध आणलं की रॅपर पीक निघेपर्यंत पत्र्याच्या पेटीत, कुलूप लावून. आणि खाण्यातली वस्तू औषधात घालायची तर आधी मला विचारायचं.

नाक्यावर रिक्षावाला म्हणाला, कुत्ता नहीं बिठाएगा. जाऊबाई तोवर कुत्र्याला मांडीवर घेऊन आत बसल्या होत्या. "बैठ गया अभी," त्या म्हणाल्या, "चलाव." त्याने किक मारली.

भाईंदरच्या डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याच्या आधी तो कागद पाहिला. हे रक्त पातळ करणारं औषध आहे, म्हणाल्या, लगेच परिणाम दिसत नाही. लोक कुत्रा बरा दिसतो म्हणून घरी बसतात आणि रक्त यायला लागलं की धावत येतात, तेव्हा उशीर झालेला असतो. उंदरांची ती झटपट मारणारी काळी पूड असती तर मात्र कशाचाच भरवसा देता आला नसता. त्यांनी त्याला ओकारी करवली, इंजेक्शन दिलं. बाहेर बाकावर आम्ही दोघी बसून होतो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"जवळा व्हता ना त्यात?" जाऊबाई खाली बघत म्हणाल्या. "त्याच्या तोंडाला वास आला मला. मीच चटक लावली गो त्याला. रोज दुपारचा माझ्याकडं येतो तो. तुला सांगायचं तरी कसं?"

आणि तो गावभर उंडारतो म्हणून मी रोज दुपारी त्याला शिव्या घालत होते. खरं सांगते, क्षणभर मला रागच आला. माझ्या कुत्र्याला माझ्या मागे खाऊ घालतात म्हणजे काय? मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. नखांत राख, मनगटाला खवलं चिकटलेली. त्या घरात एकट्या. दुपारच्या जेवणाला त्यांच्यासमोर बसणारं दुसरं कोण होतं? त्यांनी बांधावर नजर ठेवली होती म्हणून तो आत जिवंत होता. आमच्या भांडणापायी त्यांना सहज दुसरीकडे बघता आलं असतं. मी म्हटलं, "ताई, तुमचे उपकार झाले." हे शब्द माझ्या तोंडून निघतील असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि निघाल्यावर इतकं हलकं वाटेल असंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. आता धोका नाही, म्हणाल्या, पण हे विष अंगात बरेच दिवस टिकतं, म्हणून कित्येक आठवडे न चुकता गोळी द्यायची. मग कागद पुढे ओढून त्यांनी कुत्र्याचं नाव विचारलं. मी आम्ही ठेवलेलं नाव सांगितलं. टेबलावरचा कुत्रा निपचित. जाऊबाईंच्या तोंडून नकळत त्यांनी ठेवलेलं नाव निघालं, मी कधी न ऐकलेलं, आणि शेपटी टेबलावर थपथप आपटायला लागली.

"मालक कोण लिहू?"

"ताईंचं नाव लिहा," मी म्हटलं. "गोळी त्यांच्याच हातून खाईल तो."

"न्हाय, न्हाय, हिचाच हाय," जाऊबाई म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांनी हात वर नेला, तसा मी तो मनगटाशीच धरला. त्या हाताने औषधाचा कागद उचलला होता, आणि हात अजून धुतलेला नव्हता.

"थांबा, ताई. डोळ्यांना लावू नका."

मग माझ्या ओढणीने मीच त्यांचे डोळे पुसले.