फाइलीतल्या तीन ओळी

संशय हा माझा जुना आजार. नव्वदीच्या शेवटी दाजींनी केजला कॉम्प्युटर क्लास काढला आणि मला शिकवायला बोलावलं, तेव्हा तो अंगात चांगलाच मुरलेला होता.

क्लासात बारा मशिनं होती. पोरं गेमच्या फ्लॉपी आणायची, त्यातून व्हायरस शिरायचा. म्हणून दर महिन्याला सगळी मशिनं पुसून विंडोज नव्यानं टाकावी लागे. प्रत्येक मशीनपुढं बसून त्याच त्या प्रश्नांची उत्तरं देताना दिवस जायचा. शेवटी मी एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या आदेशांची फाइल, लिहिली. फ्लॉपी घालून मशीन चालू केलं, की सी ड्राइव्ह आपोआप पुसली जायची, डी ड्राइव्हवर ठेवलेला सेटअप सुरू व्हायचा आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच फाइलीतून उचलायचा. माणसानं फक्त चहा प्यायचा. त्या फाइलीचा मला भलता अभिमान होता.

महिन्याअखेरच्या शनिवारी मी गावी जायचो. तेव्हा हे काम क्लासातल्या दुसऱ्या शिक्षिका, मॅडम, करायच्या. धारूरहून रोज एसटीनं यायच्या, कमी बोलायच्या. त्यांच्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण चाललं होतं, हे क्लासात सगळ्यांना ठाऊक होतं.

एका सोमवारी मी सवयीनं फ्लॉपी तपासली, तर फाइलीचा आकार वाढलेला. मनात पाल चुकचुकली. दाजींचा जुना भागीदार गेवराईला क्लास काढतोय, अशी कुजबुज तेव्हा होतीच. मॅडम त्याला फितूर झाल्या, असं मी लगेच ठरवून टाकलं. फाइल उघडून वाचायचंही सुचलं नाही. माझी मूळ प्रत तिच्यावर चढवून टाकली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग मी फ्लॉपीची खिटी सरकवून तिच्यात काही लिहिता येणार नाही असं केलं, वर चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर सही केली. सोमवारी येऊन पाहिलं, तर पट्टी फाटलेली होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मी फ्लॉपी दाजींपुढं टाकली. त्यांनी मॅडमना बोलावलं.

"कावून ओ मॅडम, सरांच्या फाइलीला हात कावून लावला?"

"मीच लिवलं त्यात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "उघडून बघा ना, सर."

"काय लिहिलं ते नको. कुणासाठी लिहिलं ते सांगा."

त्या माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मला तो कबुलीजबाब वाटला. उद्यापासून येऊ नका, असं दाजींनी सांगितलं. फ्लॉपी मी पुरावा म्हणून कपाटात कुलूपबंद केली.

त्या महिन्याअखेरीला मी स्वतः थांबलो आणि माझ्या मूळ फाइलीनं बाराही मशिनं लख्ख करून टाकली. सोमवारी नांदूरघाटच्या पोरींची बॅच आली. आठ दिवसांवर परीक्षा होती आणि प्रोजेक्ट दाखवायचे होते. पहिलीनं मशीन चालू केलं, इकडं तिकडं शोधलं आणि विचारलं, "सर, आमचं काम कुठं हाय?"

"सी ड्राइव्हवर होतं ना? ते पुसलं जातं."

"पण मॅडम दर बारीला डीवर काढून ठेवायच्या की."

कपाट उघडलं, पुरावा मशीनमध्ये घातला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ती फाइल वाचली. सी ड्राइव्ह पुसायच्या आदेशाच्या वर तीन ओळी जास्त होत्या. मुलींच्या कामाचा फोल्डर आहे का बघ, असला तर डीवर उतरव, उतरवून झाल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. बस, एवढंच.

दुपारच्या गाडीनं मी धारूरला गेलो. मॅडम दारातच भेटल्या. मी माफी मागितली.

"आधी सांगायचं तरी," मी म्हणालो. तेव्हाही दोष त्यांच्याच पदरात टाकायला बघत होतो.

"दोनदा सांगितलं की, सर. तुमी म्हणलात, माझ्या फाइलीत नाक खुपसू नका." मग त्यांनी विचारलं, "पोरींचं किती गेलं?"

"सगळंच."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. दाजींनी नोकरी परत देऊ केली. त्या न्हाई म्हणाल्या. पोरींची परीक्षा होईपर्यंतच येईन, एवढंच बोलल्या. रोज सकाळी पोरींच्या शेजारी बसून सगळं नव्यानं उभं करून घ्यायच्या. मी शेजारी गेलो, की खुर्ची सरकवून मला जागा द्यायच्या, सर म्हणायच्या. मला वाटलं, राग निवळला.

परीक्षा झाली, सगळ्या पोरी पास झाल्या. मॅडम निघाल्या आणि दारात माझ्यासमोर थांबल्या. त्यांनी पर्सची चेन उघडली आणि पर्स माझ्यापुढं धरली.

"बघून घ्या, सर. फ्लॉपी न्हाई."

"नको हो मॅडम, असं कुठं असतं का," मी म्हणालो. बोलता बोलता माझी नजर पर्समध्ये जाऊन कोपरान् कोपरा फिरून आली. ती कुठं फिरतेय हे त्यांना दिसत होतं. ती थांबेपर्यंत त्यांनी पर्स तशीच धरून ठेवली.