हाला व्रूबेलची प्रवेशपरीक्षा

हाला व्रूबेल क्वीन्समधल्या मॅस्पेथ भागात शाळेची पिवळी बस चालवते. मागच्या बाकावर कुणी नुसतं च्युइंगगम सोललं तरी पुढून आरोळी येते, "डेसमंड, तोंड रिकामं कर!" ती बाई ट्रकवाल्यांना घाबरत नाही, पोलिसांना घाबरत नाही. पण गेल्या वर्षी सप्टेंबरात तिच्या घरात हायस्कूलची प्रवेशपरीक्षा शिरली आणि हालाची झोप उडाली.

परीक्षा तिची नव्हती. तिच्या मुलीची, ब्रोन्काची होती. ब्रोन्का पॅरिशच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, शाळेत आठवीत. पुढे कॅथलिक हायस्कूलला जायचं तर नोव्हेंबरात परीक्षा द्यायची आणि पसंतीच्या तीन शाळा आधीच क्रमानं कळवायच्या.

"पहिली सेंट कुनिगुंडा," हालानं जाहीर केलं. "फक्त मुली. सिस्टर लोकांचं लक्ष. विषय संपला."

"पहिली बिशप टॉमकिन्स," ब्रोन्का म्हणाली. "तिथं पोहण्याचा तलाव आहे."

"पोहायला समुद्र आहे की!"

"आणि मुलगेपण आहेत," ब्रोन्कानं खरं ते सांगून टाकलं.

हालानं नवऱ्याकडे बघितलं. ताडेक बॉयलर दुरुस्त करतो आणि जेवताना बोलत नाही. त्यानं पियेरोगीचा, म्हणजे उकडलेल्या करंजीचा, घास गिळला आणि म्हणाला, "गाडी लावायला जागा असेल तिथं घाला."

ऑक्टोबरात शाळा बघायचे दिवस आले. टॉमकिन्समध्ये एक टाय लावलेला चुणचुणीत मुलगा त्यांना तलाव दाखवत होता.

"मुलं-मुली याच पाण्यात पोहतात?" हालानं विचारलं.

"हो, मॅडम."

"एकाच वेळी?"

"हो, मॅडम. पण प्रत्येकाची वेगळी ओळ असते."

"पाण्याला कसली आलीये ओळ!"

ब्रोन्का चार पावलं बाजूला सरकली आणि एका अनोळखी कुटुंबात मिसळून उभी राहिली. तेवढ्यात हालाच्या लक्षात आलं की ताडेक गायब आहे. शेवटी तो तळघराच्या जिन्यावर सापडला, खुशीत. "बॉयलर नवा कोरा आहे," तो म्हणाला, "पण बसवणाऱ्याला चाबकानं फोडला पाहिजे."

सेंट कुनिगुंडातही तेच. हाला सिस्टर बेनेडिक्टांचं भाषण डोळ्यात पाणी आणून ऐकत होती आणि ताडेक शाळेच्या वॉचमनबरोबर तळघरात. "साठ वर्षांचं यंत्र, आणि घड्याळासारखं चालतंय! इथं शिस्त आहे," तो परत येऊन म्हणाला. हालाला वाटलं, निदान नवरा तरी आपल्या बाजूला आला.

तिसरं नाव भरायचं म्हणून भरलं: सेंट एल्रेड. ब्रदर लोकांची मुलामुलींची शाळा, जुनाट विटांची इमारत. ती बघायलाही कुणी गेलं नाही. अंगण मोठं होतं, गाडी आरामात लागली असती, म्हणून ताडेकच्या मताचा मान राखला एवढंच. पहिल्या नावावरून तीन दिवस अबोला झाला आणि अखेर सेंट कुनिगुंडा वर गेली, कारण सही आईची लागत होती.

मग सुरू झाला अभ्यास. ब्रोन्का आपली रोज तासभर बसायची आणि उठायची. खरी पेटली ती हाला. शब्दांचे अर्थ आधी आपल्याला यायला हवेत, तरच पोरीला विचारता येतील, असं तिनं ठरवलं. तिनं शब्दांचे कागद बसमधल्या मुलांना वाटून टाकले. लाल दिवा लागला की मागून एकजण ओरडायचा, "विपुल!"

"भरपूर!" हाला स्टिअरिंगवरून.

"हेकेखोर!"

"माझी सासू! म्हणजे, आपलंच खरं करणारी."

पंधरा दिवसांत अख्खी बस तयार झाली. पण पहिलीतल्या एका मुलानं घरी जाऊन आजोबांना सांगितलं की तुम्ही दुराग्रही आहात आणि तुमचं बोलणं पाल्हाळिक असतं. आजोबांनी बस कंपनीला फोन केला. साहेबानं हालाला बोलावून विचारलं, "बसमध्ये नक्की चाललंय काय?" हाला म्हणाली, "शिक्षण." शब्द बंद झाले.

पण तिचा खरा वैरी वेगळाच होता: घडीचा कागद. या परीक्षेत एक प्रश्न असतो. कागदाची एक घडी, दुसरी घडी, मग त्यात एक भोक. आता कागद उलगडला तर भोकं किती आणि कुठं कुठं? ब्रोन्का चित्राकडे बघून उत्तर द्यायची. हालाला ते डोळ्यांसमोर येईना. ती खरोखरीचा कागद घेऊन घड्या घालायची, पेन्सिलीनं भोसकायची, आणि उलगडल्यावर भलतीकडेच भोकं बघून चकित व्हायची. घरातले पेपर-नॅपकिन संपले. मग ताडेकनं एके दिवशी डबा उघडला, तर सॅंडविचच्या कागदाला आठ भोकं आणि आतला मुळा सगळ्या पिशवीत सांडलेला.

"आई, मी उत्तर काढलंय. तू सोड आता," ब्रोन्का वैतागून म्हणाली.

"पुन्हा कर. परीक्षेत हात थरथरतात."

"तुला काय माहीत? तू कधी दिलीस परीक्षा?"

 हाला खुर्ची ओढून बसली. "दिली होती," ती म्हणाली. "हीच. सेंट कुनिगुंडासाठी."

ब्रोन्काला हे ठाऊकच नव्हतं. हाला चौदा वर्षांची असताना समुद्रापलीकडच्या बियाविस्तोक शहरातून इथं आली. आल्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात वडिलांनी तिला परीक्षेला बसवलं. तिला इंग्रजीत "थॅंक यू" आणि "चिकन" येत होतं. प्रश्न एकही कळेना. पण उत्तरांसाठी छोटे गोल काळे करायचे असतात, एवढं तिनं शेजारणीचं बघून ओळखलं.

"मग मी नक्षी काढली," हाला म्हणाली. "खाली उतरायचं, वर चढायचं, परत खाली. डोंगरासारखी. एकही गोल रेषेबाहेर जाऊ दिला नाही. बाहेर येऊन बाबांना सांगितलं, पेपर फार सुंदर गेला."

"आणि आजोबा?"

"त्यांनी खसखशीचा केक आणला आणि सगळ्या इमारतीला वाटला. महिन्यानं नकार आला. मग ते तो केक खाल्लेल्या माणसांना टाळायला मागच्या दारानं जायला लागले."

ब्रोन्का आधी हसू दाबत होती. मग हाला स्वतःच फुटली आणि दोघी टेबलावर डोकं ठेवून उचकी लागेपर्यंत हसल्या. हसणं ओसरल्यावर ब्रोन्कानं आईच्या हातातला नॅपकिन घेतला. "बघ, उलगडताना एकेक घडी उलटी जायची," ती म्हणाली. आईला समजावून द्यायला तिला संध्याकाळ पुरली नाही.

परीक्षेचं केंद्र नेमकं सेंट एल्रेड आलं. शनिवारी सकाळी हालानं पोरीला अंडी, सॉसेज आणि जवाची लापशी चारली, खिशात माता मेरीचं पदक घातलं आणि शाळेच्या दारातून ओरडली, "नक्षी काढू नकोस!" आजूबाजूचे पालक बघत राहिले. ब्रोन्का मागे न बघता आत गेली.

पालक थंडीत अंगणातच थांबले. एका बापानं सहज विचारलं, "तुमच्या मुलीला ती घडीची गणितं जमतात का हो?" झालं. हालानं डोनटच्या पिशवीचा कागद फाडला, दोन घड्या घातल्या आणि गाडीच्या किल्लीनं भोक पाडलं. "सांगा, किती?"

"चार."

"छे, दोन. कडेला पाडलंय ते," मागून एकजण म्हणाला.

"कडेला कुठाय? मधोमध आहे!"

बघता बघता डझनभर माणसं जमली. एक दंतवैद्य बाई होत्या, एक अग्निशामक दलातला दांडगा गडी होता. सगळे किल्ल्या उपसून कागद भोसकायला लागले. आवाज ऐकून शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर कॉलम्बन कॉफीचा पेला घेऊन बाहेर आले. पेपर चालू आहे, हळू बोला, असं सांगायला आलेले ब्रदर म्हणाले, "द्या बरं इकडं." त्यांनी कागद न्याहाळला आणि ठामपणे सांगितलं, "सहा."

हालानं कागद उलगडला. चार.

ब्रदर इतके मनापासून हसले की कॉफी झग्यावर सांडली. "तरी बरं, मला प्रवेश घ्यायचा नाहीये," ते म्हणाले आणि थंडीत कशाला उभे राहता म्हणून सगळ्यांना जेवणघरात घेऊन गेले. हाला तिथं तीन पेले कॉफी प्यायली. ताडेक अर्थातच तळघरात होता.

त्या दिवसापासून हालाच्या तोंडी एकच. "माणूस असावा तर असा! मुख्याध्यापक असून चुकतो आणि हसतो!"

जानेवारीत निकाल आला. तिन्ही शाळांनी ब्रोन्काला घेतलं होतं. हाला स्वयंपाकघरातच नाचली, सासूला फोन केला, चुकून तिला "हेकेखोर" म्हणाली, माफी मागितली. मग खुर्चीवर बसून घसा खाकरला.

"मी विचार केला. तू सेंट एल्रेडला जा. मुलगे असले तर असू देत."

"मी सेंट कुनिगुंडाला जाणार," ब्रोन्का म्हणाली.

"काय?"

"परीक्षेत माझ्या पुढं एक मुलगा होता. त्यानं पेन्सिल चावून चावून पिवळी साल गिळली. शेजारचा अख्खा वेळ बाहीला नाक पुसत होता. मागचा गणितं करताना गात होता. आई, चार वर्षं? आणि कुनिगुंडात नाटकाचे सेट मुली स्वतः करवतीनं कापून बनवतात. मी बघितलंय, तू सिस्टरांकडं बघत रडत होतीस तेव्हा."

"पण ते ब्रदर..."

"मग तू जा तिथं," ब्रोन्का म्हणाली.

हालानं आशेनं नवऱ्याकडं बघितलं. "साठ वर्षांचा बॉयलर," ताडेक म्हणाला, "अजून वीस वर्षं जाईल." दोनास एक. हालानं हात टेकले.

सप्टेंबरात सेंट कुनिगुंडाची पालकसभा झाली. तिथली पद्धत अशी की पालकांनी मुलीच्या वेळापत्रकाप्रमाणे वर्गावर्गात जाऊन दहा-दहा मिनिटं बसायचं. हाला ब्रोन्काच्या बाकावर बसली. गुडघे बाकाखाली मावेनात. तिनं बाकाच्या कडेवरून हलकेच हात फिरवला. गणिताच्या तरुण बाईंनी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं आणि गमतीनं विचारलं, "कुणाला जमेल?" सगळे पालक खाली बघायला लागले. एकाला तर फोनच आला.

हालाचा हात वर होता, खांद्यातून ताणलेला. घंटा झाली, बाकीचे उठून पुढच्या वर्गाकडं निघाले. ताडेकनं तिची बाही ओढली.

"थांब रे," हाला म्हणाली, "बाईंनी मला अजून विचारलं नाहीये."