मी गटात का जात नाही

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मी एका खाजगी शाळेत गणित शिकवत होते. नोकरी सोडली. वडील आधीच गेलेले, भाऊ इंदूरला. बुऱ्हाणपुरातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. आईची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. तोंडातून एकच शब्द निघे, "माय". पाणी हवं, कूस बदलायची, भीती वाटते, सगळ्याला "माय". दिवसातून शंभर वेळा. भिंतीवर डोकं आपटून घ्यावं असं मला वाटे, आणि वाटलं म्हणून लाजही वाटे.

मोबाईलवरचं इंटरनेट तेव्हा नुकतंच स्वस्त झालं होतं. सुट्टीत आलेल्या भाचीने माझ्या फोनवर एक खेळ टाकून दिला. आपला किल्ला बांधायचा, दुसऱ्याचा जिंकायचा. आईचा डोळा लागला की मी अर्धा तास त्यात शिरे. मागच्या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट चाले, म्हणून कानात इयरफोन घालून.

मग एका गटाचं बोलावणं आलं. असे गट खेळणारेच चालवतात. एकत्र लढतात, इयरफोनवरून बोलत एकमेकांचे किल्ले राखतात. गटाचा प्रमुख कुठला होता, कधी कळलं नाही. हिंदीत बोलायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दीदी, ये अपनी फॅमिली है. यहाँ कोई अकेला नहीं."

मी रडले. कित्येक महिन्यांत मला असं कोणी म्हणालं नव्हतं.

मला किल्ल्याचा दरवाजा राखायचं काम मिळालं. रोज दुपारी चारला हजेरी. दोनदा चुकले तर त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "दीदी, आपके भरोसे बैठे थे. क्या हुआ?" आईचं सांगायला जीभ रेटली नाही. पुढे मी आईची अंघोळ साडेतीनला उरकायला लागले. तिचा घास घाईने भरवायला लागले. ती माझ्याकडे बघत राही आणि मी घड्याळाकडे.

त्या दिवशी मोठी लढाई होती. आई झोपली आहे असं मी धरून चालले. कानात पंधरा माणसं ओरडत होती, "दीदी, गेट! गेट सँभालो!" मी सांभाळत होते, आणि खरं सांगते, मला छान वाटत होतं.

अचानक पंखा थांबला. लाइट गेली होती. मी सवयीने वर पाहिलं, एक इयरफोन काढला. लूमही बंद पडले होते. त्या शांततेत आतल्या खोलीतून आवाज आला. बारीक, घोगरा, ओरडून ओरडून संपत आलेला.

"माय... माय..."

आई पलंगाखाली पडली होती. साडी ओली. पाय विचित्र वळलेला. किती वेळ पडली होती, मला आजही माहीत नाही. मी तिला उचलायला गेले तर ती किंचाळली. शेजारच्या काकूंना हाक मारली, त्या आणि त्यांचे दीर धावून आले, ऑटोरिक्षात तिला आडवं घातलं. गळ्यात लोंबणाऱ्या इयरफोनमधून तेव्हाही कोणीतरी मला बोलावत होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "या तब्येतीत ऑपरेशन झेपणार नाही. जितकं होईल तितकं करा."

आई आठ महिने जगली. पण त्या दुपारनंतर तिने मला हाक मारली नाही. पाणी हवं असलं तरी नाही. मी पलंगाशी बसून म्हणायचे, "आई, बोलव ना मला. एकदा तरी." ती छताकडे बघत राही.

पडल्यानंतर चौथ्या दिवशी मी खेळ उघडला होता, गट सोडण्यासाठी. वाटलं होतं, शिव्या पडलेल्या असतील. एकाने लिहिलं होतं, "धोखा दे दिया." प्रमुखाने मात्र एवढंच लिहिलं होतं, "दीदी, हार गए, कोई बात नहीं. आप ठीक हो ना? घर पे सब ठीक?" तीन दिवस, रोज एकदा. मी ते वाचलं आणि गट सोडला.

आजही खेळते, एकटी. बोलावणी येतात, मी नको म्हणते. कोणी कारण विचारतं, कोणी मला घमेंडी म्हणतं. त्या गटातली माणसं वाईट नव्हती. चांगली होती, म्हणूनच मी त्यांना नाही म्हणू शकले नाही. कोणी माझ्या भरोशावर बसलंय, हे आता मला सोसत नाही.