रिकाम्या गाडीची थरथर

मामींचा फोन आला तेव्हा मी मंठ्याच्या बाजारात मोसंबी उतरवून घेत होते. "मामा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करणारे किसनमामा. आमचं नातं रक्ताचं नव्हतं, पिकअपचं होतं. शेवटचं कॅरेट उतरेपर्यंत मी स्वतःला आवरलं. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडले.

गाडी आमच्या आणि दिरांच्या घरात मिळून घेतलेली, चालवायची मी. बागेच्या वाटेवर ओढ्यातले दगड खालून लागायचे, म्हणून मीच हट्टानं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे टाकून ती चार बोटं उंच करून घेतली. उंच गाडीची ऐट होतीच, खोटं कशाला बोलू? त्यानंतर काटा पन्नासच्या पुढं गेला की सीट थरथरू लागे. तीन ठिकाणी दाखवली. टायर बदलले, चाकं बॅलन्स केली, फरक शून्य. प्रत्येक मिस्त्री बोलायचा तो दिरांशी, आणि निदान ठरलेलं... बाईमाणसाचा क्लचवरचा पाय. दिरांनी गिऱ्हाईक बघितलं, ते रविवारी येणार होतं. गाडी गेली असती तर माझं बाहेर पडणंच संपलं असतं. त्याहून वाईट म्हणजे, मलाही माझ्या पायाचा संशय येऊ लागला होता.

शनिवारी मी एकटीच मामांकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. शेजारी बसले, तळहात सीटवर टेकवला आणि शहागडकडे चल म्हणाले. पन्नासला थरथर सुरू झाली तसं त्यांनी गाडी न्यूट्रल करायला लावली. थरथर तशीच. म्हणजे इंजिन नाही आणि क्लचही नाही, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "माय, भरल्यावर बी थरथरती का?"

"न्हाई. रिकामी असली तरच."

"हे आजून कुणाला सांगितलं?"

"कुणी विचारलंच न्हाई, मामा."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

गाडी उंच केल्यानं इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट जास्तच तिरपा झाला होता. माल भरला की मागची बाजू दबायची, शाफ्ट सरळ व्हायचा आणि थरथर बंद. कुऱ्हाडीच्या दांड्यात मारतात तशी लोखंडी पाचर पाट्याखाली बसवायची, एवढाच उपाय. शाफ्ट सोडण्याआधी खूण करायला त्यांना खडू सापडेना. माझ्या पर्समध्ये नणंदेच्या लग्नातलं लाल नेलपॉलिश होतं. त्यांनी जोडाच्या दोन्ही भागांवरून एक रेघ ओढली. "उलगडायच्या आधी खूण करावी. मंग जसं व्हतं तसं बसवता येतं." काम झाल्यावर दिरांना त्यांनीच फोन लावला. "भाऊ, बाई बराबर चालवून राह्यली. गाडी उचलताना माप चुकलं." उचलण्याचा हट्ट कुणाचा, हे मात्र सांगितलं नाही. ते पुढची सहा वर्षं मला चिडवायला राखून ठेवलं. गाडी राहिली. पुढं शाफ्टचे जोड सोडायला, बसवायलाही त्यांनी मला शिकवलं, शेजारी स्टूल टाकून, स्वतः पान्याला हात न लावता.

गेल्या आठवड्यात तोच जोड वाजू लागला. मामींनी शेडचं कुलूप काढून दिलं. पाने भिंतीवर ओळीनं तसेच टांगलेले... गाडीखाली आडवी होऊन चिखल पुसला, तर लाल रेघ दिसली, फिकट झालेली, पण होती. नवा सुटा भाग घातला, रेघेला रेघ जुळवली, नट आवळले.

चक्कर मारायला मामी आपणहून शेजारी येऊन बसल्या. मामा गेल्यापासून त्या घर आणि शेडच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. गाडी रिकामी होती. पन्नास झाले, साठ झाले. मामींनी तळहात सीटवर टेकवला, अगदी मामांसारखाच, आणि बराच वेळ उचलला नाही.

"काहीच न्हाई," त्या म्हणाल्या. "चल तशीच, शहागडपोत्तर."